बंदूक घेऊन रंगमंचावर : डेबोरा सॅम्पसनची गोष्ट



बॉस्टनच्या दक्षिणेला असलेलं शेरॉन हे गाव आपल्या मंडळींना नवीन नाही. कुणी तिथे घर घेतलंय, कुणी उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथल्या मॅसापोग तळ्यावर जातं. या गावच्या सार्वजनिक वाचनालयासमोर १९८९ साली एका बाईचा पुतळा बसवला गेला. अंगात बायकी झगा, पण सोबत सैनिकी कोट आणि बंदूक. ही डेबोरा सॅम्पसन. इथल्या शाळांत मुलांना तिची ओळख होते ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पुरुषाचा वेष घेऊन लढलेली बाई म्हणून. मुलं तिच्यावर पोस्टर करतात, आपण त्यांना गोंद आणि कात्री आणून देतो, आणि विषय तिथेच संपतो.

आम्हाला मात्र तिच्या आयुष्याचा पुढचा भाग जास्त ओढून घेतो. युद्ध संपून एकोणीस वर्षं झाली होती. तीन मुलांची आई, वय एकेचाळीस, नवरा शेतकरी, शेत भिकार, डोक्यावर कर्ज. अशा वेळी ही बाई घरातून बाहेर पडली आणि स्वतःच्याच आयुष्याचा प्रयोग घेऊन गावोगाव फिरली. आपण एकपात्री म्हटलं की लक्ष्मण देशपांड्यांचं वऱ्हाड आठवतं, पु.लं.ची चाळ आठवते. तिथे एक माणूस पन्नास माणसं उभी करतो. इथे एक बाई फक्त स्वतःला उभं करत होती, आणि तेही १८०२ साली, जेव्हा भल्या घरच्या बाईने सभेत उभं राहून बोलणं हीच मुळात गैर गोष्ट समजली जायची. अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा करणारी ती पहिली स्त्री मानली जाते.

पण त्याआधी तिच्या लहानपणाकडे जायला हवं, कारण पुढची सगळी धमक तिथूनच येते.

डेबोराचा जन्म १७ डिसेंबर १७६० चा, प्लिमथजवळच्या प्लिंप्टन गावातला. आईकडून घराणं थेट प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्यापर्यंत पोचतं. पण घराण्याच्या नावाने चूल पेटत नाही. वडील घर सोडून गेले. ते समुद्रात बुडाले असं घरात सांगितलं जायचं. प्रत्यक्षात ते मेनमध्ये जाऊन राहिले होते. एवढी मुलं पोसणं एकट्या आईला शक्य नव्हतं, म्हणून तिने ती नातेवाइकांत आणि ओळखीच्या घरांत वाटून दिली. डेबोरा आधी एका नातेवाईक बाईकडे, मग एका म्हाताऱ्या विधवेकडे राहिली, आणि ती विधवा वारल्यावर, साधारण दहाव्या वर्षी, मिडलबरोच्या जेरमाया थॉमस यांच्या शेतावर बांधील नोकर म्हणून गेली. बांधील म्हणजे वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत राबायचं, बदल्यात अन्नवस्त्र. पगार नाही.

त्या घरात मुलगे होते. ते शाळेत जायचे, ही जायची नाही. पण संध्याकाळी ती त्यांच्याकडून दिवसभराचा धडा काढून घ्यायची. शेतीची कामं, जनावरांची देखभाल, सुतारकी, सूतकताई, विणकाम, सगळं तिथेच शिकली. अठराव्या वर्षी मोकळी झाली तेव्हा तिच्याकडे पैसा नव्हता, पण हातात काम होतं. १७७९ आणि १७८० च्या उन्हाळ्यात तिने गावच्या शाळेत मुलांना शिकवलं. जिने स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिने! हिवाळ्यात ती लोकांच्या घरी आणि खाणावळीत जाऊन माग चालवायची. घरोघर फिरून काम करणारी, एकटी, अविवाहित बाई ही त्या काळी फार दुर्मिळ गोष्ट होती. अनोळखी उंबऱ्यावर उभं राहायची सवय तिला तेव्हापासूनची.

सैन्यात ती का गेली, याची कारणं नंतर अनेकांनी अनेक रंगांत सांगितली आहेत. देशप्रेम तर खरंच असेल. पण आम्हाला वाटतं, हिशेबही होता. १७८२ मध्ये सैन्यात यायला माणसं मिळत नव्हती. प्रत्येक गावाला ठरावीक संख्येने माणसं द्यावी लागायची, आणि भरती होणाऱ्याला रोख इनाम मिळायचं. मागावर बसून तेवढी रक्कम जमवायला कितीतरी हिवाळे गेले असते.

पहिला प्रयत्न फसला. जानेवारी १७८२ मध्ये तिने पुरुषाचे कपडे चढवले, टिमथी थेअर नावाने मिडलबरोमध्येच भरतीवर सही केली आणि इनाम घेतलं. गावातल्या गावात हे उद्योग करणं म्हणजे पकडलं जाणं ठरलेलंच. ती ओळखली गेली. बराच काळ ही फक्त ऐकीव गोष्ट मानली जायची. पण तिच्याच भागातल्या ॲबनर वेस्टन नावाच्या एका शिपायाची रोजनिशी सापडली, ती फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनने २०१९ मध्ये लोकांसमोर आणली, आणि त्यात या फसलेल्या भरतीची नोंद निघाली. ही नोंद पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे, म्हणून ती १७८२ ची आहे हे लक्षात ठेवा.

मे १७८२ मध्ये ती बऱ्याच अंतरावरच्या अक्सब्रिज गावी गेली आणि रॉबर्ट शर्टलिफ या नावाने भरती झाली. चौथी मॅसेच्युसेट्स रेजिमेंट, कॅप्टन जॉर्ज वेब यांची लाइट इन्फंट्री कंपनी. इकडे मिडलबरोच्या बॅप्टिस्ट चर्चने पुरुषी कपडे घालून भरती झाल्याच्या संशयावरून तिला बहिष्कृत करण्याचा ठराव केला. ठरावाची तारीख सप्टेंबर १७८२. तोवर ही बाई हडसन नदीकाठी पहारे देत होती!

सगळ्यांना पडणारा प्रश्न असा की, हे खपलं कसं? आजच्यासारखी वैद्यकीय तपासणी तेव्हा नव्हती. माणूस धडधाकट दिसला, दोन हात दोन पाय नीट असले, की पुरे. सोळा-सतरा वर्षांची, मिसरूड न फुटलेली पोरं सैन्यात भरपूर असायची, त्यामुळे गुळगुळीत हनुवटीचं कुणाला विशेष वाटायचं नाही. शिपाई अंगावरच्या कपड्यांनीच झोपायचे. शिवाय ती त्या काळच्या बायकांच्या मानाने उंच होती, सुमारे पाच फूट सात इंच, आणि शेतावर राबून अंग कसलेलं. छाती कापडाने आवळून बांधली की वरून कोट. यापेक्षा मोठं कारण आम्हाला असं वाटतं की, गणवेशात बाई असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

यॉर्कटाउनला इंग्रजांनी ऑक्टोबर १७८१ मध्येच शरणागती पत्करली होती, म्हणजे मोठी लढाई उरकली होती. पण न्यूयॉर्क शहर अजून इंग्रजांकडे होतं, आणि त्याच्या उत्तरेच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंच्या टोळ्यांच्या चकमकी, लुटालूट चालूच होती. वेस्ट पॉइंटहून निघणाऱ्या तुकड्या या भागात गस्त घालायच्या. टॅरीटाउनजवळच्या अशाच एका चकमकीत डेबोरा जखमी झाली. गोळी मांडीत घुसली, आणि डॉक्टरने पाहिलं तर बिंग फुटेल म्हणून तिने ती स्वतःच चाकूने काढली, अशी हकीकत सांगितली जाते. बारीकसारीक तपशील सोडून देऊ. पण युद्धातल्या दुखापतीने तिची तब्येत कायमची अधू झाली, हे पुढे सरकारने पेन्शन देताना मान्य केलं.

नंतर ती जनरल जॉन पॅटरसन यांच्याकडे हुजऱ्या म्हणून रुजू झाली. १७८३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला गेली असताना तिला जबरदस्त ताप आला, ती बेशुद्ध पडली, आणि डॉक्टर बार्नबस बिनी यांना तपासताना सत्य कळलं. या डॉक्टरांचं आम्हाला फार कौतुक वाटतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तिला आपल्या घरी नेऊन बरं केलं, आणि जनरलसाहेबांना पत्राने कळवलं. पॅटरसन यांनीही तिला शिक्षा केली नाही. २५ ऑक्टोबर १७८३ रोजी वेस्ट पॉइंट इथे जनरल हेन्री नॉक्स यांच्या सहीने तिला सन्मानाने सेवामुक्त करण्यात आलं. जवळजवळ सतरा महिन्यांची नोकरी.

७ एप्रिल १७८५ ला तिने शेरॉनच्या बेंजामिन गॅनेट या शेतकऱ्याशी लग्न केलं. अर्ल, मेरी आणि पेशन्स अशी तीन मुलं झाली, आणि आई नसलेली सुझॅना नावाची एक मुलगीही तिने आपली म्हणून वाढवली. जमीन थोडी आणि निकस. तब्येत वरचेवर बिघडायची. थकलेला पगार मिळावा म्हणून १७९२ मध्ये तिने मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि ३४ पौंड व्याजासह मिळाले. गव्हर्नर जॉन हॅन्कॉक यांची त्यावर सही आहे. हा शिपाई बाई होता, हे राज्य सरकारने तेव्हा लेखी मान्य केलं.

१७९७ मध्ये डेडहॅमच्या हर्मन मॅन नावाच्या लेखकाने तिचं चरित्र छापलं. इथून गंमत सुरू होते आणि गोंधळही. मॅनला गोष्ट रंगवायची हौस दांडगी. साध्या शिपायाची हकीकत त्याला पुरेशी वाटली नाही, म्हणून त्याने प्रेमप्रसंग घातले, साहसं घातली, आणि तिची भरती एक वर्ष मागे नेऊन तिला थेट यॉर्कटाउनच्या वेढ्यात नेऊन उभं केलं.

आता १८०२. इकडे पुण्याच्या वेशीवर होळकर आणि पेशवे-शिंदे यांची लढाई झाली आणि वसईचा तह झाला, तेच हे साल. बॉस्टनमध्ये फेडरल स्ट्रीटवर एक नाटकगृह होतं. नाटक हा प्रकारच तिथे नवा होता, कारण मॅसेच्युसेट्समध्ये १७५० पासून नाटकांवर कायद्याने बंदी होती. ती १७९३ मध्ये उठली आणि १७९४ मध्ये हे थिएटर सुरू झालं. जुन्या वळणाच्या घरांत नाटकवाल्यांना अजून उंबऱ्याच्या आत घेत नसत. अशा ठिकाणी २२ मार्च १८०२ रोजी मिसेस गॅनेट उभ्या राहिल्या.

प्रयोगाचे दोन भाग होते. पहिल्या भागात ती बायकांच्या पोशाखात येऊन भाषण करायची. भाषण मॅनने लिहिलेलं, आणि पुढे छापूनही काढलेलं, त्यामुळे आज वाचता येतं. भाषा इतकी अलंकारिक की वाचताना दम लागतो. मागावर बसणारी बाई अशी बोलत असेल यावर आमचा तरी विश्वास बसत नाही. आणि त्यातला सूर माफीचा आहे. आपण स्त्रीला शोभणारी वाट सोडली, हे बरं नव्हतं, इतर बायकांनी हे अनुकरण करू नये, असं ती कबूल करते. मग मात्र हळूच बाजू बदलते: देशच गुलामीत असताना घरात कसं बसवेल?

दुसऱ्या भागात ती पूर्ण गणवेश घालून यायची, हातात बंदूक घेऊन, आणि सैन्याची कवायत करून दाखवायची. सत्तावीस हुकूम. खांद्यावरची बंदूक उतरवायची, घोडा अर्धा चढवायचा, काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, रंजकाची चिमूटभर दारू घालून झाकण बंद करायचं, उरलेली दारू आणि गोळी नळीत सोडायची, गज काढून ठासायचं, गज जागेवर ठेवायचा, नेम धरायचा. मग संगीन चढवणं, उतरवणं. ही बंदूक चार-साडेचार किलोची असते. वय एकेचाळीस, मांडीला जुनी जखम, आणि एकही हालचाल चुकवायची नाही.

यातली खरी मेख प्रेक्षकांत होती. त्या काळी अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुषाला कायद्याने गावच्या मिलिशियात नाव नोंदवावं लागायचं आणि कवायतीला हजर राहावं लागायचं. म्हणजे समोर बसलेल्या बहुतेक पुरुषांना कवायत माहीत होती. कित्येक जण स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेले. आपल्याकडे सवाई गंधर्वला जसे पहिल्या रांगेतले श्रोते गायकाची एकेक जागा मोजत बसतात, तसंच. भाषण कुणीही पाठ करू शकतं, पण हाताला सवय नसेल तर गज नळीत अडकतो आणि सगळं हसं होतं. तोंडाने ती माफी मागत होती, आणि पाच मिनिटांनी तिचेच हात सांगत होते की, ही बाई खरोखर शिपाई होती. हा क्रम कुणी ठरवला ते काही असो, पण तो फार हुशारीचा होता.

आणखी एक उलटापालट आपल्या नाट्यवेड्या मंडळींना आवडेल. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला सीतास्वयंवर केलं ते १८४३ मध्ये, आणि तिथून पुढे कित्येक दशकं आपल्या रंगभूमीवर पुरुषच नऊवारी नेसून स्त्रिया झाले. इथे एक स्त्री, पुरुष होऊन जगलेले आपलेच दिवस, लोकांसमोर पुन्हा घालून दाखवत होती.

बॉस्टननंतर ती प्रॉव्हिडन्सला गेली, मग मॅसेच्युसेट्समधली होल्डन, वुस्टर, ब्रुकफील्ड, स्प्रिंगफील्ड, नॉर्थॅम्प्टन अशी गावं करत न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी आणि स्केनेक्टडीपर्यंत पोचली. एकटी. सोबत नवरा नाही, मॅनेजर नाही, नाटक कंपनी नाही. घोडागाडीने प्रवास. मुलं घरी, धाकटी पेशन्स जेमतेम अकरा-बारा वर्षांची. आपण भारतात पंधरा दिवस कामासाठी जायचं तर घरात केवढी जुळवाजुळव करावी लागते ते आठवा, आणि ही जवळजवळ वर्षभर फिरत होती.

दौऱ्यात तिने ठेवलेली एक छोटी रोजनिशी टिकून आहे. ती उघडताना मोठ्या भावना वाचायला मिळतील अशी अपेक्षा असते, आणि हाती लागतो तो खर्चाचा हिशेब. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला इतके, हॉलला इतके, हॉल झाडून घ्यायला इतके, मेणबत्त्यांना इतके. मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतला आहे, त्यांना हे वाचून लगेच ओळख पटेल. हॉलचं बुकिंग, फ्लायर, खुर्च्या, शेवटी झाडू कोण मारणार यावरून होणारी चर्चा! आम्ही आय.टी.वाले एवढ्या कामाला चार माणसांची टीम आणि दर सोमवारी स्टेटस मीटिंग लावतो. ती गावात पोचायची, आधी स्थानिक छापखाना गाठायची, जाहिरात द्यायची, जागा बघायची, मेणबत्त्या आणायची, आणि संध्याकाळी गणवेश चढवून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी पुढचं गाव.

गावातली माणसं जोडत जाणं हे तिला उत्तम जमत होतं असं दिसतं. होल्डनला ती तिच्या जुन्या कॅप्टन वेब यांच्या घरी उतरली. न्यूयॉर्क राज्यातल्या लाइल गावी जनरल पॅटरसन राहत होते, त्यांच्याकडेही तिने मुक्काम केला. ज्यांच्या हाताखाली रॉबर्ट म्हणून राबली, त्यांच्याच घरी आता ती मिसेस गॅनेट म्हणून पाहुणी होती. या भेटींत नुसता जिव्हाळा नव्हता. चोरून केलेल्या नोकरीचा पुरावा म्हणजे शेवटी साक्षीदारच. गावागावांत ज्यांनी तिला पाहिलं, तिच्याशी बोलले, तेही एका अर्थाने तिचे साक्षीदार होत गेले.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. मॅनने घुसडलेली यॉर्कटाउनची लढाई भाषणातही आली होती, आणि ती दर प्रयोगात ते बोलत होती. पुढे १८१८ मध्ये तिने पेन्शनसाठी शपथपत्र केलं, त्यातही भरतीचं साल १७८१ आणि कॉर्नवॉलिसच्या शरणागतीला हजर असल्याचा उल्लेख आहे. सैन्याची कागदपत्रं सांगतात मे १७८२. ॲबनर वेस्टनची रोजनिशी सांगते की, जानेवारी १७८२ मध्ये ती अजून मिडलबरोमध्ये भरतीची खटपट करत होती. म्हणजे यॉर्कटाउनला ती असणं शक्य नाही.

याला काय म्हणायचं? आमच्या मते हे खोटंच, त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. पण ते कसं घडलं असेल हेही समजतं. प्रेक्षकाला गस्त आणि पहारा ऐकायचा नसतो, त्याला वॉशिंग्टन आणि यॉर्कटाउन हवं असतं. एक गोष्ट पन्नास वेळा लोकांपुढे सांगितली की सांगणाऱ्यालाही ती घडलेली वाटू लागते. आणि एकदा हजारो लोकांसमोर सांगितल्यावर शपथपत्रात ती वगळणं म्हणजे स्वतःवरच संशय ओढवून घेणं. वाईट याचं वाटतं की, या भरीची काही गरज नव्हती. खरे सतरा महिने पुरेसे होते. त्या एका वर्षामुळे पुढच्या कित्येक इतिहासकारांनी तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही भुवया उंचावून पाहिलं.

दौऱ्याने घर काही सावरलं नाही. पण शेजारच्या कॅन्टन गावात पॉल रिव्हियर राहत होते. होय, १७७५ च्या त्या रात्रीच्या घोडदौडीवाले. तिथे त्यांची तांब्याचे पत्रे करायची गिरणी होती. २० फेब्रुवारी १८०४ रोजी त्यांनी काँग्रेसमधले विल्यम युस्टिस यांना तिच्यासाठी पत्र लिहिलं. शिपाईगिरी केलेली बाई म्हणजे कुणी धिप्पाड, पुरुषी, अडाणी असेल अशी आपली कल्पना होती, पण भेटल्यावर सौम्य, नीट बोलणारी, शिकलेली बाई दिसली, असं त्यांनी मोकळेपणी लिहिलं. तिची तब्येत सैन्यातल्या हालांमुळे बिघडली आहे आणि घरची परिस्थिती हलाखीची आहे, हेही सांगितलं. मार्च १८०५ मध्ये तिचं नाव जायबंदी सैनिकांच्या पेन्शन यादीत आलं. महिना चार डॉलर. १८०६ मध्ये तिने रिव्हियर यांच्याकडे दहा डॉलर उसने मागितले होते, यावरून चार डॉलरमध्ये काय भागत होतं ते कळतं. मागची थकबाकी मिळावी म्हणून १८०९ मध्ये केलेला अर्ज फेटाळला गेला. १८१८ च्या नव्या कायद्याने पेन्शन महिना आठ डॉलर झालं, आणि ते मात्र शेवटपर्यंत मिळत राहिलं.

२९ एप्रिल १८२७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, शेरॉनमध्ये ती वारली.

तिच्यामागे म्हाताऱ्या बेंजामिनने १८३१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. शिपायाच्या विधवेला पेन्शन मिळण्याची सोय कायद्यात होऊ लागली होती. शिपायाच्या विधुराचा विचार कुणी कशाला करून ठेवला असेल? निर्णय येईपर्यंत १८३७ मध्ये तोही गेला. १८३८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून तिच्या वारसांना ४६६ डॉलर ६६ सेंट दिले. वर्षाला ८० डॉलर या दराने बेंजामिनच्या मृत्यूपर्यंतचा तो हिशेब. कायद्याच्या नावातच डेबोरा गॅनेट हिचा उल्लेख क्रांतियुद्धातला सैनिक असा आहे.

१९४४ मध्ये तिच्या नावाचं एक मालवाहू जहाज पाण्यात उतरलं. १९८३ मध्ये मॅसेच्युसेट्सने तिला राज्याची अधिकृत वीरांगना जाहीर केलं आणि २३ मे हा तिचा दिवस ठरवला. माजी महिला सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यालाही तिचं नाव दिलं गेलं. न्यू इंग्लंडमधल्या वाचनालयांत आणि शाळांत तिच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग होतात. जवळपास लागला तर मुलांना जरूर न्या. प्रयोग संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारले तर यॉर्कटाउनचा विचारायला सांगा.

तिची कबर शेरॉनच्या रॉक रिज दफनभूमीत आहे. दगडाच्या पुढच्या बाजूला ती बेंजामिन गॅनेटची पत्नी आहे, आणि वय अडुसष्ट लिहिलंय, जे दोन वर्षांनी जास्त आहे. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं की तिचं माहेरचं नाव दिसतं, त्याखाली रॉबर्ट शर्टलिफ हे नाव आणि सैन्यातल्या सेवेची सालं. ती तिथे १७८१ ते १७८३ अशी कोरलेली आहेत.